काळा अक्रोड बियांपासून लावू नका? का म्हणून?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी मंडळींत दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास एक निरोप फिरतो. त्याचा सारांश असा: इथल्या डोंगरांवरचा काळा अक्रोड कवच हातोडीने फोडल्याशिवाय रुजत नाही, रुजलाच तर त्याच्या मुळांतल्या विषाने बाग मरते, पाणी फार पितो, आणि फळ खाण्यालायक नसतं, म्हणून नर्सरीतून कलमी अक्रोडच आणा. हा निरोप वाचून माझ्या ओळखीच्या एका घरात पिशवीभर ताजं बी कचऱ्यात गेलं. म्हणून हे लिहितोय.

आधी झाड कोणतं, ते बघू. अमेरिकेच्या पूर्व भागातला उंचच उंच काळा अक्रोड वेगळा. आपल्या भागातला ‘जुग्लान्स कॅलिफोर्निका’ लहान चणीचा, बहुधा ६ ते ९ मीटरचा, बुंध्यापासूनच अनेक खोडं फुटलेला. सान्ता मोनिका पर्वतरांग, सॅन होजे, पुएन्ते आणि चिनो टेकड्या हे त्याचं मूळ घर. आज डायमंड बार आणि वॉलनट ही गावं आहेत त्या भागातल्या १८४० च्या जहागिरीचं नाव होतं ‘रांचो लोस नोगालेस’, म्हणजे अक्रोडांची जहागीर.

हातोडीचा सल्ला सगळ्यात घातक आहे. अडसर कवचाचा नाही. आतल्या गर्भाला थंड ओलाव्याचा एक काळ लागतो. तो मिळाला की बी फुगतं आणि कवच सांध्यावर आपोआप उकलतं. फोडलेल्या बीला मात्र बुरशी धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेली फळं मालकाला विचारून गोळा करा. वरची साल लगेच काढा, पण हातमोजे घालून, कारण तिचा काळा-तपकिरी डाग दिवसेंदिवस जात नाही. बी पाण्यात टाका; तरंगतं ते बहुधा पोकळ असतं. बुडालेलं बी ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सरळ नोव्हेंबरात जमिनीत चार-पाच सेंटीमीटर खोल आडवं पेरा. मी दुसरी रीत पसंत करतो. वर रोप वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ त्याहून खोल गेलेलं असतं, आणि उथळ कुंडीत ते गोल गोल फिरून बसतं. कुंडीच वापरायची तर उंच घ्या. पेरल्यावर वर लोखंडी जाळी मात्र घालाच. ‘बी उगवलंच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा खार असते.

विषाच्या गोष्टीत तथ्य आहे, पण अर्धंच. अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या सालीत जुग्लोन नावाचं, काही झाडांना बाधणारं द्रव्य असतं. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची त्याच्या मुळांपासून लांबच लावा. पण ‘सगळी बाग मरते’ म्हणणाऱ्याने एकदा डोंगरातल्या अक्रोडाच्या राईत जाऊन यावं. तिथे लाइव्ह ओक, टोयॉन, एल्डरबेरी ही इथलीच झाडंझुडपं त्याच्या सोबतीनेच वाढतात.

पाण्याचा आरोप तर खोटाच. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी द्यावं लागतं. मूळ खोल गेलं की हिवाळी पावसावर ते तगतं. नंतर पानं झडली म्हणून मेलं समजून उपटू नका, हे झाड पानगळीचंच आहे.

राहिलं कलम. कोकणात हापूस हवा तर कलमच लागतं आणि बाठ्यातून रायवळ येतो, तसंच हे. बाजारातल्या पातळ कवचाच्या अक्रोडाची खात्रीची जात हवी असेल तर जरूर कलम घ्या. पण डोंगरातलं झाड परत आणायचं असेल तर बीच हवं, कारण प्रत्येक रोप थोडं वेगळं निघण्यातच रानाची ताकद असते. बी निवडताना एकच पथ्य पाळा: अक्रोडाच्या बागेजवळच्या झाडाचं घेऊ नका, संकर निघण्याची शक्यता असते. लॉस एंजेलिस शहरात २००६ पासून हे झाड संरक्षित यादीत आहे, ते उगाच नाही.

आणि खाण्यालायक नाही म्हणे! कवच जाड, गर थोडा, हे कबूल. पण चव गडद आणि छान असते. इथले मूळ रहिवासी चुमाश लोक हे अक्रोड खात आलेत. उरलेल्या अर्ध्या कवचांत डांबर भरून ते फासेही करत आणि किती उताणे, किती पालथे पडले यावर डाव मोजत. आपण चिंचोके फोडून सारीपाट खेळायचो, अगदी तसंच.