छापलं की चालतं

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत माझी ओळख 'नेटचं काम करणारी' अशी आहे. ती चुकीची नाही, हाच सगळा घोळ आहे. मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नेलमधले, नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर (कार्डाला कामाला लावणारा कोड) लिहिते, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. गल्लीला त्यातलं 'नेट' तेवढं ऐकू येतं. "अवं बाई, आमचं वायफाय चालूनच नाही राहिलं, जरा पाहून दे ना," म्हणत शेजारच्या काकू फाटकाशी येऊन उभ्या राहतात. मी जाते, राउटर बंद करते, थोडा वेळ गंभीर चेहरा करून उभी राहते आणि चालू करते. "पाहा, याच्यासाठी इंजिनिअरच लागते," असं काकू काकांना ऐकवतात. त्या राउटरच्या पोटातही बहुधा लिनक्सच असतं. त्याला नेमकं काय झालं होतं हे शोधायला मी खरंच बसले असते, तर काकूंना मालिकेचा आजचा भाग पुढच्या पोळ्याला बघायला मिळाला असता.

लिनक्सच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून जास्त कोड ड्रायव्हरांचा आहे. मेमरी, शेड्यूलर असल्या उच्च विषयांत रमणारे लोक वेगळे. आम्ही चिप बनवणाऱ्याच्या मॅन्युअलवर विश्वास ठेवून जगणारी भाबडी माणसं. मॅन्युअल एक सांगतं, चिप दुसरं करते, आणि दोघांतला फरक 'एराटा' नावाच्या तिसऱ्याच कागदात असतो. तो कागद मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि तो मागायचा असतो हे कुणी सांगत नाही.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं 25 ऑगस्ट 1991 रोजी 'नुसता छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, मोठं काही नाही' अशा अर्थाचं जाहीर केलं, तेव्हा तो हेलसिंकीत शिकत होता. हेलसिंकीत असले छंद परवडत असतील. इथे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला, बाहेर पारा 45च्या वर, कूलरची घरघर, आणि जेवणाच्या टेबलावर वरणाच्या पातेल्याशेजारी माझा एआरएम जातीच्या प्रोसेसरचा सर्किट बोर्ड. त्यात जेवल्यावर दुपारी झोपायचं हा नागपूरचा नियम, आणि इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक मारली की धावणाऱ्या कोडात) झोपायचं नाही हा कर्नेलचा. तिथे डुलकी घेतली तर 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' अशी बोंब ठोकली जाते. घरात मात्र मी झोपले नाही, तर बोंब आईची.

बोर्डाचं दुखणं असं होतं. गिगाबिटचं कार्ड, चिपवाल्या कंपनीनंच दिलेला ड्रायव्हर. डेटा जोरात पाठवायला लागलं की थोडा वेळ सुरळीत, आणि मग एकदम सुन्न. लॉगमध्ये एकच ओळ: 'नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू 0 टाइम्ड आउट'. म्हणजे, पाठवायला दिलेलं चिपनं पाठवलं नाही, कारण विचारू नका.

अशा वेळी आम्ही प्रिंटके, म्हणजे कर्नेलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन, वापरतो. संशय येईल तिथे एक ओळ टाकायची: 'इथपर्यंत आलं'. टाकली. कार्ड रात्रभर धावलं, डेटाचं एक पॅकेट इकडचं तिकडे झालं नाही. ओळ काढली, की चहा उकळायच्या आत कार्ड बंद. परत टाकली, परत ठणठणीत.

याचा हिशेब वैतागून मी एकदा कागदावर मांडला. माझा सिरिअल कन्सोल, म्हणजे बोर्डाच्या छापलेल्या ओळी बाहेर आणणारी तार, सेकंदाला 115200 बिटच्या वेगानं चालतो. 80 अक्षरांची एक ओळ छापून बाहेर पडायला त्यावर साधारण 7 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात गिगाबिटच्या तारेवरून सगळ्यात छोटी पॅकेटं दहा हजारांवर जाऊ शकतात. म्हणजे मी 'इथपर्यंत आलं' असं लिहीपर्यंत पूर्ण बाजार उठून गेलेला असतो. आणि त्या 7 मिलिसेकंदांच्या विश्रांतीतच कुठेतरी माझा बग बरा होत होता.

"मग राहू दे ना ते ओळ," बाबा म्हणाले. "चालून राहिलं ना?"

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही फारसं नाही. बाबा वीज खात्यातून रिटायर झालेत. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये असतं, असं त्यांचं ठाम मत आहे. "अर्थिंग पाह्यलं का?" हा प्रश्न त्यांनी आजवर फ्रिज, जावई आणि विधानसभा या तिन्हींबाबत विचारलेला आहे. टेस्टर घेऊन ते बोर्डाभोवती फिरले, अर्थिंग चोख निघालं, आणि ते जरा नाराज झाले. मग त्यांनी 'तापून राहिला असंल' म्हणून बोर्ड कूलरसमोर नेऊन ठेवला. आमच्या कूलरच्या गवताच्या ताट्या हवेबरोबर पाण्याचे थेंबही उदार मनानं वाटतात. मी धावत जाऊन बोर्ड उचलला.

काकूंच्या मुलानं चाट खात खात सल्ला दिला, "ताई, फॉर्मॅट मारून टाक."

आईनं सल्ला दिला नाही, कृती केली. मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि बोर्डाची दृष्ट काढली. दुर्दैव असं, की त्या संध्याकाळी बोर्डावर प्रिंटकेवाला कर्नेल चढवलेला होता. सकाळी उठून पाहिलं तर कार्ड तुफान चालू. "पाह्यलं?" आई म्हणाली. आता 7 मिलिसेकंदांचं शास्त्र मी तिला काय सांगणार! त्या प्रयोगाची नोंद तिच्या नावावर गेली ती गेलीच.

तोच ड्रायव्हर मी माळ्यावरच्या जुन्या इंटेल डेस्कटॉपवरही चालवून पाहिला. तिथे प्रिंटके असो-नसो, बगचा पत्ता नाही. दुसऱ्याच कशानं तरी एकदा कर्नेल पॅनिक झालं, म्हणजे कर्नेलनं हात टेकून सगळं थांबवलं, तेवढंच. त्या वेळी जुन्या कीबोर्डचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे उघडझाप करायला लागतात. आई स्वयंपाकघरातून डोकावली आणि आनंदानं म्हणाली, "लागले दिवे! झालं वाटते तुझं."

पॅकेटं पोचवण्याचे इतरही मार्ग आहेत, हे मला त्या दिवसांत फार आठवायचं. 1 एप्रिल 1990 ला कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटची पॅकेटं कशी न्यावीत याचं रीतसर मानक, आरएफसी 1149, थट्टेत निघालं. 2001 साली नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी ते खरंच करून दाखवलं. 9 पॅकेटं सोडली, 4 उत्तरं आली, सगळ्यात आळशी उत्तर पावणेदोन तासांनी. लोक हसतात. पण त्यांचा ट्रान्समिट क्यू अडकला नाही, आणि आमच्या फुटाळा तलावावर कबुतरं काही कमी नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. बडगे नावाचे पुतळेही निघतात, आणि महागाईपासून डासांपर्यंत गावाला छळणारं सगळं 'घेऊन जाय गे मारबत' म्हणून तिच्या गळ्यात घातलं जातं. मे महिन्यातच मी माझी यादी तयार ठेवली. तिच्यात रेस कंडिशन (आधी कोण, या शर्यतीतून होणारा बग) पहिल्या नंबरावर होती आणि 'फॉर्मॅट मारून टाक' दुसऱ्या.

शेवटी प्रिंटके सोडून ट्रेस-प्रिंटके लावलं. ते सिरिअलवर बडबडत नाही, मेमरीत गुपचूप टिपून ठेवतं, त्यामुळे बगला संशय येत नाही. मग दिसलं, की चिप अडकते तेव्हा तिच्या हातात असलेला पत्ता चालू पॅकेटचा नसतोच, कधीच जाऊन आलेल्या पॅकेटचा असतो.

लग्नाच्या पंगतीत आधी पान वाढायचं आणि मग पाहुण्याला 'बसा' म्हणायचं. ड्रायव्हरनंही तसंच करायचं असतं: डिस्क्रिप्टरमध्ये (चिपसाठी मेमरीत ठेवलेल्या चिठ्ठीत) आधी पत्ता आणि लांबी लिहायची, मग 'हे आता तुझं' असं चिपला सांगणारा बिट लावायचा. कोडात क्रम बरोबरच होता. पण एआरएम प्रोसेसरला स्वतःच्या सोयीनं लिहिण्याचा क्रम बदलायची मुभा असते. इंटेलचा याबाबत शिस्तीचा, म्हणून डेस्कटॉपवर सगळं सोवळ्यात. इथे मात्र कधीकधी 'बसा' आधी आणि पान मागून. पाहुणा बसतो तर समोर आधीच्या पंगतीचं उष्टं पान! चिप रुसून बसायची, आणि वॉचडॉग ओरडायचा. प्रिंटके मध्ये आलं की वाढप्याला तेवढा वेळ मिळायचा, बस.

उपाय एका ओळीचा: बिट लावण्याआधी डीएमए-डब्ल्यूएमबी नावाचा अडसर. म्हणजे, याच्या वरचं सगळं लिहून झाल्याशिवाय खालचं करू नकोस. एक ओळ टाकली, चार परिच्छेदांचं स्पष्टीकरण लिहिलं, सही केली आणि पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, कर्नेलच्या नेटवर्किंगवाल्यांकडे पाठवला. त्या रात्री सावजी चिकन मागवलं.

उत्तर आलं. अडसराबद्दल अवाक्षर नाही. जाता जाता मी फंक्शनच्या सुरुवातीला सोयीसाठी एक पॉइंटरही (मेमरीतला पत्ता धरणारं नाव) जाहीर केला होता. नेटवर्किंगच्या कोडात अशा ओळी लांबीच्या उतरत्या क्रमानं लावायच्या असतात, सर्वांत लांब वर, आखूड खाली. माझी आखूड ओळ वर गेली होती. शिवाय पॅच कोडाच्या कुठल्या शाखेसाठी आहे, ते विषयात लिहिलेलं नव्हतं. दोन्ही दुरुस्त करा. आणि हो, 24 तासांच्या आत पुन्हा पाठवू नका, असा नियम आहे.

"म्हणजे उद्यापर्यंत रिकामीच आहेस ना?" बाबांनी विचारलं आणि कूलरची बादली माझ्या हातात दिली.