शाकाहारी म्हणजे अर्धा व्हीगन नव्हे

गेले तीन-चार आठवडे हे लिहू की नको असं चाललं होतं, कारण असं काही लिहिलं की लोक लगेच विचारतात, तुम्ही व्हीगन (म्हणजे मांसाबरोबर दूध-अंडंही न खाणाऱ्या) लोकांच्या विरोधात आहात का. तर आधीच सांगते, नाही. ऑफिसमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण व्हीगन आहे आणि दुधाच्या धंद्यात गाई-वासरांचं काय होतं याबद्दल ती जे बोलते त्यातलं बरंचसं मला पटतं. माझं भांडण तिच्याशी नाहीच. भांडण आहे ते मेन्यू ठरवणाऱ्यांशी. इकडे इंग्लंडमध्ये शाकाहारी आणि व्हीगन असे दोन रकाने असायचे, गेल्या काही वर्षांत त्यांनी त्याचा एकच रकाना करून टाकला आणि त्यात आमचं जेवण गेलं.

मी 2008 पासून इकडे आहे. मूळची साताऱ्याची, आजोबा वारकरी, घरात माळ, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. इकडे आल्यावर बाहेर खायचं म्हणजे चीज हे पहिल्या आठवड्यातच कळलं. जॅकेट पोटॅटोवर चीज आणि बीन्स, मार्गेरिटा पिझ्झा, पबमध्ये हलूमीचा (हे एक भाजून खायचं चीज) बर्गर, भाज्यांचा लझानिया. कंटाळा यायचा, पण पोट भरायचं, आणि उन्हातान्हात (म्हणजे इकडे पावसात) दिवसभर फिरल्यावर गरम गरम मॅकरोनी चीजची बशी समोर आली की जिवाला बरं वाटायचं. चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) कुठलं हे पण बघायला शिकले, वासराच्या पोटातलं असेल तर नको, म्हणून पार्मेझान कायमचं बंद, कारण ते बनवायच्या नियमातच वासराचं रेनेट आहे.

आणि व्हीगन लेबलचे आपल्यावर उपकार आहेत हे पण मान्य करायला पाहिजे. इकडच्या शाकाहारात अंडं धरतात, त्यामुळे केक, पेस्ट्री, मेयोनीज सगळीकडे प्रश्न विचारत बसावं लागायचं, गोळ्या-चॉकलेटात जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन, लाल रंग किड्यांपासून केलेला. व्हीगन लिहिलेलं असलं की ही सगळी कटकट संपते. मुलीच्या वाढदिवसाला दुकानातून केक आणता येतो, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. 2014 मध्ये व्हीगन्युअरी सुरू झालं, म्हणजे जानेवारीभर व्हीगन राहायचं, तेव्हापासून दरवर्षी नवीन नवीन पदार्थ यायला लागले आणि मी खूश होते. 2019 च्या जानेवारीत ग्रेग्ज या इकडच्या बेकरीवाल्यांनी व्हीगन सॉसेज रोल आणला, केवढी चर्चा झाली, पण त्यांनी चीज-कांद्याचा बेक काढून तो आणला नाही, दोन्ही शेजारी शेजारी होते. माझं म्हणणं एवढंच आहे, असं करा ना!

पण बाकी बऱ्याच ठिकाणी काय झालं, तर शाकाहारी काढलं आणि त्या जागी व्हीगन ठेवलं. आधी पाच मांसाहारी पदार्थ, तीन शाकाहारी, असायचे. आता मांसाहारी पाचच्या पाच आहेत, आणि खाली एक प्लांट-बेस्ड बर्गर, म्हणजे वनस्पतींपासून केलेली मांसाची नक्कल. म्हणजे व्हीगन लोकांसाठी जी जागा केली ती मांसाहाराच्या ताटातून केली नाही, आमच्या ताटातून केली. त्याचं कारण मला कळतं, एका मोठ्या केटरिंगवाल्यांकडे काम करणाऱ्या ओळखीतल्या एकाने सरळ सांगितलं, की शेफला एकच पदार्थ असा पाहिजे असतो जो शाकाहारी खाईल, व्हीगन खाईल, दूध न चालणारा खाईल, हलालवाला खाईल, म्हणजे फ्रीजमध्ये एकच खोका ठेवायचा. हिशोब आहे तो. मग तो हिशोब म्हणून सांगा, पर्यावरणाचं नाव देऊ नका, कारण पर्यावरणाचीच काळजी असती तर आधी बीफ गेलं असतं. केंब्रिज विद्यापीठाच्या केटरिंगने 2016 मध्ये खरंच बीफ आणि लॅम्ब बंद केलं होतं, त्याला मी प्रामाणिकपणा म्हणते.

आणि हा सगळ्यांना चालणारा पदार्थ सगळ्यांना चालतो हे पण खरं नाही. त्यात सोया असतं, काजू असतात. माझ्या नणदेला काजूची ॲलर्जी आहे, तिला चीज चालायचं, आता काजूच्या क्रीमचा पास्ता समोर येतो. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी नुसतं व्हीगन लेबल बघून विश्वास ठेवू नका असं इकडच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनेच 2024 मध्ये लोकांना सांगितलं, कारण त्याच कारखान्यात दूध असू शकतं.

दोन वर्षांपूर्वी आई आली होती तेव्हाची गोष्ट सांगते. ती तेव्हा 71 वर्षांची, गळ्यात माळ, पहिल्यांदाच परदेशात. आम्ही तिला एका जुन्या पबमध्ये घेऊन गेलो, नदीकाठी आहे, बाहेर बाकं आहेत, मी अनेक वर्षं तिथे हलूमी बर्गर खाल्लाय म्हणून निर्धास्त होते. मेन्यू बदललेला. शाकाहारी एकच, प्लांट-बेस्ड बर्गर. मागवला. आईने सुरीने मधोमध कापला तर आत लालसर, रस सुटलेला. मी तिला सांगत होते की अगं ते बीट असतं, मुद्दाम घालतात, मटणासारखं दिसावं म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मटणासारखं कशाला दिसायला पाहिजे पण?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वासानेच कासावीस झाली होती, बशी जरा लांब सरकवली, रुमाल तोंडाला लावला, आणि चार बटाट्याचे काप खाऊन पोट भरलं म्हणाली. मी काउंटरवर जाऊन विचारलं, नुसतं चीज टोस्ट तरी द्याल का, तर तो मुलगा बिचारा चांगला होता, म्हणाला चीज आहे पण ते बीफ बर्गरवर घालायचं असतं, वेगळं विकायचं बटणच नाहीये सिस्टिममध्ये. म्हणजे किचनमध्ये चीज आहे, ते मांस खाणाऱ्याला मिळणार, शाकाहाऱ्याला नाही. घरी येऊन मी आईला दहीभात कालवून दिला, वरून मेतकूट, आणि ती खाताना मला रडू आलं, अजूनही आठवलं की येतं.

ज्यांनी मांस सोडलंय त्यांना ती चव, तो चावा आठवत असेल, त्यांना ते बर्गर जरूर मिळू देत. पण ज्यांच्या सात पिढ्यांनी ते तोंडात घातलं नाही त्यांना त्याची नक्कल हे पर्याय म्हणून देणं म्हणजे त्यांचं काही ऐकूनच न घेणं आहे. आणि गंमत अशी की आपलं निम्मं जेवण असंही व्हीगनच आहे, कुणी लेबल लावलं नाही एवढंच. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, वडापाव, मिसळ, कोथिंबिरीची वडी. एक बटाटेवडा दिलात तरी मी आनंदाने खाईन, त्यात दूध नाही म्हणून मी कधी तक्रार करणार नाही. माझी तक्रार दूध नसल्याची नाही, मुळात शाकाहारी माणूस काय खातो याचा कुणी विचारच न केल्याची आहे.

हे दोन रकाने वेगळे का, याचा इतिहास मी शोधून वाचला आणि मला त्यातून फार बळ मिळालं. इकडची व्हेजिटेरियन सोसायटी 1847 ची, रॅम्सगेटला स्थापन झालेली. पुढे 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्यासारख्या दूध-अंडी न खाणाऱ्या काही सभासदांनी सोसायटीकडे मागणी केली, की आमचा एक वेगळा गट करू द्या, तुमच्या मासिकात आम्हाला थोडी जागा द्या. सोसायटीने नाही म्हटलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःची व्हीगन सोसायटी काढली आणि शब्दसुद्धा कसा बनवला तर व्हेजिटेरियनच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन अक्षरं आणि शेवटची दोन. म्हणजे व्हीगन चळवळीचा जन्मच मुळी या मागणीतून झालाय, की आम्ही वेगळे आहोत, आम्हाला शाकाहाऱ्यांत गुंडाळू नका. बरोबर होती त्यांची मागणी. तेव्हा सोसायटीचं चुकलं होतं. आज मी अगदी तीच मागणी उलट्या बाजूने करतेय.

त्याच्याही आधी गांधीजी. 1888 मध्ये लंडनला शिकायला आले, आईला वचन दिलेलं, त्यामुळे पहिले काही आठवडे अक्षरशः अर्धपोटी काढले, मग फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं आणि इंग्लंडमध्ये आल्यापासूनचं पहिलं पोटभर जेवण तिथे झालं असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे 1891 मध्ये त्यांनी लंडनच्या एका शाकाहारी साप्ताहिकात लेख लिहून इंग्रजांना समजावलं, की भारतातले शाकाहारी अंडं खात नाहीत पण दूध घेतात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली याला! आणि नंतर त्यांनीच दूध सोडलं, 1918 च्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं तर त्याची बोचणी शेवटपर्यंत बाळगली. म्हणजे दुधाचा प्रश्न आपल्याला नवीन नाही, त्यावर आपल्याकडेही माणसं मनापासून झगडलीत. इकडे वॉटफर्डजवळ भक्तिवेदांत मॅनरमध्ये गोशाळा आहे, तिथे गाई-बैल म्हातारे झाले तरी कापायला पाठवत नाहीत. ज्याला दूध सोडायचंय त्याने सोडावं, ज्याला असं दूध शोधायचंय त्याने शोधावं. पण हा निर्णय ज्याचा त्याने करायचा, फ्रीजच्या जागेसाठी शेफने नाही.

पोषणाचं पण बोलायला पाहिजे, कारण हा नुसता चवीचा प्रश्न नाही. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रोटीन असतं. त्याच्या जागी जे व्हीगन चीज येतं ते बऱ्याचदा खोबरेल तेल आणि स्टार्च, पाकीट उलटं करून बघा, प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नसतं. टोफू द्या, राजमा द्या, छोले द्या, माझी काही हरकत नाही, पण तेल आणि पीठ देऊन चीजच्या जागी ठेवलं असं म्हणू नका. आणि बी-12 तर वनस्पतीत नाहीच, वरून घातलेलं असेल तरच. आपल्यासारख्या अंडं न खाणाऱ्यांना ते दूध-दह्यातूनच मिळतं. मुलीच्या शाळेत चीज फ्लॅन जाऊन व्हीगन नगेट्स आले, ती नववं सरून दहाव्यात आहे, वाढीचं वय. इंग्लंडच्या शाळांच्या नियमात रोज एक दुधाचा पदार्थ द्यायचाच असं आहे म्हणून निदान दही मिळतं. तरी मी आता डबाच देते, रोज सकाळी पराठा.

सगळ्यात जास्त हे कुणाला कळलंय तर विमान कंपन्यांना. तिथे व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन, व्हीएलएमएल म्हणजे दूध-अंडं चालणारं शाकाहारी, एव्हीएमएल म्हणजे आपलं भारतीय पद्धतीचं शाकाहारी, आणि जैन वेगळं. चार खोके, तेही पस्तीस हजार फुटांवर. (नवीन लोकांनी लक्षात ठेवा, तिकीट काढताना एव्हीएमएल टाका, नुसतं व्हेज म्हटलं तर सॅलड आणि कोरडा पाव येतो.) मग जमिनीवर, ज्याच्याकडे आख्खं किचन आहे, त्याला दोन का जमू नयेत? आणि यात कायदा पण मदतीला येत नाही, कारण इकडे व्हेजिटेरियन आणि व्हीगन या शब्दांची कायद्याने ठरवलेली व्याख्याच नाही, मेन्यूवर कुठे व्ही असतं, कुठे व्हीई, कुठे व्हीजी, आणि व्हीजीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा.

हे फक्त आपल्या लोकांचं रडगाणं आहे असं मला वाटायचं. पण मागच्या डिसेंबरच्या ऑफिसच्या जेवणात फॉर्मवर टर्की, मासा आणि "व्हीगन/व्हेजिटेरियन" असे तीनच पर्याय होते, त्या तिसऱ्यात वांग्याचा एक उकडलेला काप आणि खाली तांदूळ आला, तेव्हा माझ्या शेजारी आमच्या अकाउंट्समधली एक यॉर्कशायरची बाई बसली होती, साठीला आलेली, 1980 च्या दशकापासून शाकाहारी. ती काटा खाली ठेवून म्हणाली, इतकी वर्षं भांडून मेन्यूवर जागा मिळवली होती आम्ही, आणि आता परत पहिल्यापासून. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्याने मला जास्त लागलं.

म्हणून यावर्षी फॉर्म यायच्या आधीच आम्ही दोघींनी एचआरला लिहिलंय. व्हीगनचा रकाना तसाच राहू दे, चांगला पदार्थ असू दे त्यात, फक्त शाकाहारी असा वेगळा रकाना करा, आणि त्याखाली अंडं चालेल का नाही एवढं विचारा. त्यांचं उत्तर आलं, असे किती जण आहेत ते आधी सांगा. तर सध्या आम्ही मजल्या-मजल्यावर फिरून नावं लिहून घेतोय. अहमदाबादचे दोघं, चेन्नईची एक, आपले पाच मराठी, आणि मला कल्पनाही नव्हती असे सहा इंग्रज. माझी ती व्हीगन मैत्रीण यादी टाइप करून देतेय. आत्तापर्यंत चौदा नावं झालीत, शुक्रवारी नेऊन देणार आहोत.