सोअसमध्ये भीती साठते म्हणे!

‘ताई, वाचा आणि सांगा, हिला घेऊन जाऊ का?’ असं लिहून वहिनीने एक फॉरवर्ड पाठवला. भाची चौदा वर्षांची, आठशे मीटर धावते आणि शर्यतीआधी तिला उलट्या होतात. हा मजकूर नेमका अशाच आयांना गाठायला लिहिलाय. पालकांच्या ग्रुपवर आधीही दिसला होता, तेव्हा डोळेझाक केली. आता घरात शिरलाय, म्हणून लिहिते.

दावा थोडक्यात असा. हरल्याचा अपमान, कोचची बोलणी, स्पर्धेची भीती, सगळं शरीरात साठतं, त्यातही सोअस नावाच्या स्नायूत. तो हाताने दाबून, पाठीला कप लावून, अंग थरथरवून ‘मोकळा’ केला की वेळ आपोआप सुधारते. मसाजने लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं. पुरावा म्हणून पाठीला कप लावणाऱ्या अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सची ऑलिम्पिकमधली 23 सुवर्णपदकं. नुसतं बोलून काही होत नाही, सबब मानसोपचारतज्ज्ञ नकोत. सत्रात मूल रडेल, तो ताण बाहेर पडतोय, थांबवू नका, पालकांनी बाहेर बसावं. सात सत्रांचं पॅकेज. खाली मोबाइल नंबर.

रडण्याचा मुद्दा यादीत जवळजवळ शेवटी टाकलाय. मी तोच आधी घेते, कारण बाकीच्याने बहुतेक वेळा नुसते पैसे जातील.

लॅरी नासर हा अमेरिकेच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार केले. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या कोर्टात दीडशेहून जास्त जणींनी आपापली हकिगत सांगितली आणि त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. त्याने आपल्यावरही अत्याचार केल्याचं ऑलिम्पिक विजेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने त्याच महिन्यात जाहीर केलं. बऱ्याच मुलींना तेव्हा हा उपचारच आहे असं वाटत होतं. ज्यांनी तोंड उघडलं, त्यांना मोठ्यांनीच ‘तुझा गैरसमज झालाय’ म्हणून गप्प केलं. काही वेळा तर आई-वडील त्याच खोलीत होते आणि तो त्यांना दिसणार नाही अशा बेताने उभा राहायचा. पालक आत असताना हे घडलं, आणि हा फॉरवर्ड पालकांना बाहेर बसवतोय.

अंगाला हात लावणारा प्रत्येक जण नासर असतो असं मी म्हणत नाही. पण ‘रडली तरी थांबवू नका’ या नियमाचा अर्थ नीट बघा. मुलगी ‘नको’ म्हणाली की उपचार लागू पडतोय, असं ती स्वतः शिकते आणि तिची आईही शिकते. त्यात सोअस दाबायचा तर हात पोटात खोल, जांघेच्या वरपर्यंत जातो. चौदा वर्षांच्या मुलीला कुणी असा हात लावणार असेल तर आई खोलीत हवी, कुठे आणि का हात लावणार ते आधी सांगायला हवं, आणि ती ‘थांबा’ म्हणाली की थांबायलाच हवं. यावर ज्याची हरकत असेल त्याच्याकडे जायचंच नाही. फॉरवर्डमधला नंबर लावून मी एवढंच विचारलं, की राज्याच्या भौतिकोपचार परिषदेत तुमची नोंदणी आहे का? उत्तर आलं, ‘आम्ही सर्टिफाइड ट्रॉमा रिलीज कोच आहोत.’ सर्टिफिकेट कुणाचं, ते नाही सांगितलं.

आता सोअस. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडलेला हा स्नायू गुडघा वर उचलायला लागतो. चढावर धावून तो दुखतो, दिवसभर बाकावर बसूनही आखडतो. त्यात आठवणी ठेवायची सोय नाही. ताणात अंग आखडतं हे खरं, पण त्याचा हुकूम मेंदूकडून येतो, कुठल्या एका स्नायूत पडून राहिलेल्या 2022 च्या पराभवाकडून नाही. शिवाय हा भाग हलवताना उजव्या बाजूला दुखलं तर डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका येते. तिथे ‘जुना आघात’ म्हणून दाबत बसलात तर पंचाईत.

फेल्प्सच्या पाठीवरचे कपांचे गोल डाग जगभर गाजले ते 2016 च्या रिओत. तोवर त्याच्या खात्यात ऑलिम्पिकची 18 सुवर्णपदकं जमा होती. आणि गंमत म्हणजे, फॉरवर्डवाल्यांनी नेमका चुकीचा माणूस निवडलाय. 2014 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाल्यावर फेल्प्स उपचारकेंद्रात राहिला. आपल्या नैराश्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला आणि मदत मागा, बोला, हेच आजवर सांगत आलाय. ‘बोलून काही होत नाही’ याचा पुरावा म्हणून तो!

मसाजचं उत्तर एका अभ्यासात मिळतं. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये 29 चाचण्या, म्हणजे 1,012 जणांची माहिती एकत्र तपासली. मसाजने ताकद, उडी, वेगाची धाव, दमसास, यांतलं काहीही सुधारल्याचं दिसलं नाही. लवचिकता थोडी वाढली आणि दुसऱ्या दिवशीची अंगदुखी थोडी कमी झाली, एवढंच. तालमीत पैलवान मालीश करतात ती याचसाठी, आणि त्यासाठी ती जरूर करावी. लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते तर तास-दीड तासात शरीर स्वतःच निपटतं.

वाघाच्या तावडीतून सुटलेलं हरीण थरथरतं आणि मोकळं होतं, हीही गोष्ट फॉरवर्डमध्ये आहे. असेल. हरणाला पुढच्या रविवारी विभागीय स्पर्धा नसते.

नाइलाजाने एवढं मान्य करते, की ताणावर शरीराच्या बाजूने काम करता येतं. इस्रायलमध्ये मानसिक आघात सोसलेल्या 63 जणांवर झालेली अशा एका देहकेंद्री उपचाराची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली आणि उपचार मिळालेल्यांना प्रतीक्षायादीतल्या लोकांपेक्षा बरं वाटलं. पण ते खेळाडू म्हणून आलेले नव्हते, कुणाची वेळही कुणी मोजली नव्हती. खेळात याहून साधी गोष्ट चालते. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी एकेक स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत बसवली. फेल्प्स लहान असताना प्रशिक्षक बॉब बोमनच्या सांगण्यावरून त्याची आई रात्री त्याला अशाच सूचना वाचून दाखवायची. 2008 च्या बीजिंगमध्ये 200 मीटर बटरफ्लायला गॉगलमध्ये पाणी शिरून त्याला काही दिसेना, तेव्हा पाण्यात मारलेले हात मोजत तो पोहला आणि विश्वविक्रम केला. त्याच्याकडून घ्यायचं तर हे घ्या. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास, रात्री दहा मिनिटं आवळणं-सोडणं. मुलगी स्वतः करते, कुणाचा हात लागत नाही, पॅकेजही नाही.

राहिल्या उलट्या. वहिनी शर्यतीच्या तासभर आधी पोरीला पोहे आणि ग्लासभर दूध देते. पोट भरलेलं, त्यात भीती. आधी ते खाणं तीन तास मागे न्या. तरी थांबलं नाही, किंवा झोप उडाली, मैदानावर जायचंच ती टाळू लागली, तर डॉक्टर आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ. कुणाला विचारावं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.