बाबा, तू बुडलास!

आमच्या बैठकीच्या खोलीत समुद्र आहे. तो कुठून कुठपर्यंत पसरलाय हे रोज बदलतं आणि मला कोणी कळवत नाही. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मी निघालो की सोफ्यावरून आरोळी येते, "बाबा, तू बुडलास!" बुडालेल्या माणसाने बाल्कनीपर्यंत चालत जाऊन कपडे वाळत घालायचे नसतात, असा तिथला कायदा आहे. जिवंत राहायचं तर उशीवर उभं राहायचं. पण काही उश्या मगरी असतात, म्हणून आधी विचारून घ्यावं लागतं.

थोरली सात वर्षांची, धाकटा चार. गृह, अर्थ, संरक्षण ही सगळी खाती तिच्याकडे. धाकट्याचं पद लिंबूटिंबू, आणि त्या पदावर तो खूश असतो, कारण लिंबूटिंबूला आउट करता येत नाही.

प्रत्यक्ष खेळ फार थोडा वेळ चालतो. बाकीचा वेळ कलमं ठरवण्यात जातो. "आपण ना जंगलात राहत होतो हां. आणि तू ना माझा कुत्रा होतास हां. आणि तुला बरं नव्हतं हां." सगळं असं भूतकाळात ठरतं, त्यामुळे अपिलाला जागाच नाही. धाकटा एवढंच विचारतो, "मला भुंकता येत होतं का?" येत होतं, पण हळू, कारण बरं नव्हतं. कुत्र्याचं नाव, आजार, झोपायची जागा यावर तासभर खल होतो. सगळं मार्गी लागून कुत्रा पहिल्यांदा भुंकतो न भुंकतो, तोच आम्ही त्यांना आंघोळीला बोलावतो. मग आम्ही दुष्ट.

ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटूची मारामारी पाहिली. 'हे खेळातलं आहे' हे एकमेकांना कळवायची काहीतरी खूण या माकडांकडे असलीच पाहिजे, असं त्याच्या डोक्यात आलं. खेळातला चावा चाव्याचीच आठवण करून देतो, पण त्याचा अर्थ खऱ्या चाव्याचा नसतो. माकडांना हे जमतं. आमचा धाकटा मात्र सिंह झाला की खूण विसरतो आणि अर्थासकट चावतो. "टॅम्प्लीज!" थोरली किंचाळते. टॅम्प्लीज म्हटल्यावर सिंहालासुद्धा जबडा उघडावा लागतो. दंडावर दातांची रांगोळी उमटलेली असते, तरी ती माझ्याकडे येत नाही, कारण बाबाला सांगितलं तर खेळच बंद होईल. ती प्रकरण जागच्या जागी मिटवते. "आता तू सिंह नव्हतास. सिंहाचं बाळ होतास. दात न आलेलं."

मुलांना कुठलीही वस्तू कशाचीही चालते, हाही आपला गैरसमज. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं, की मुलाला काठीचा घोडा चालतो, पोस्टकार्डाचा चालत नाही. काठीवर टांग टाकता येते, पोस्टकार्डावर कशी टाकणार? वस्तू त्या कामाला उपयोगी पडली पाहिजे. पटतं मला. मी हौसेने आणलेला खेळण्यातला स्टेथोस्कोप कोपऱ्यात पडून आहे. रुग्ण तपासायला माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर लागते, कारण ती लांब आहे, काळी आहे आणि बाबाला ती आत्ता हवी आहे. यातला तिसरा गुण विगोत्स्कींच्या नजरेतून सुटला असावा. परवा माझे मोजे फ्रीजमध्ये सापडले. चौकशीअंती कळलं की ते पेंग्विन होते.

या बाबतीत मला इंग्लंडमधले एक पाद्री पॅट्रिक ब्रॉन्टे यांच्याबद्दल बंधुभाव वाटतो. १८२६ च्या जून महिन्यात या गृहस्थांनी मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, लाकडी सैनिकांचा संच आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा पेटी घेऊन बहिणींच्या दारात हजर. बहिणींनी अंथरुणातून उड्या मारून आपापला सैनिक पळवला. शार्लट या बहिणीने आपल्या सैनिकाचं नाव ब्रिटिश सेनापतीवरून ठेवलं वेलिंग्टन, तर ब्रॅनवेलने आपल्या सैनिकाला बोनापार्ट केलं. तिथून या भावंडांनी शहरं वसवली, राज्यं उभारली आणि त्यांचे इतिहास तळहातापेक्षा लहान वह्यांमध्ये, मुंगीच्या अक्षरात लिहून काढले. पुढे त्यातल्या तिघी मोठ्या लेखिका झाल्या, त्याचं सगळे कौतुक करतात. घरात रात्री अनवाणी चालताना कोणाच्या तळपायाखाली वेलिंग्टन आला असेल, याची मात्र कोणी नोंद ठेवलेली नाही.

मोठ्यांनी या राज्यात शिरू नये हे उत्तम. मी एकदा शिरलो. मला चोर करून जेवणाच्या टेबलाखाली, चादरीच्या आत, जन्मठेपेवर टाकलं. मी प्रामाणिकपणे शिक्षा भोगत बसलो. बाहेर एकदम शांतता झाली, तरी मी हललो नाही. बऱ्याच वेळाने चादर बाजूला करून पाहिलं तर तुरुंग केव्हाच बरखास्त झालेला, तिथे आता रेल्वे स्टेशन होतं, आणि नव्या सरकारला जुन्या कैद्याची काही कल्पना नव्हती. "बाबा, तिकीट?" धाकट्याने विचारलं. नव्हतं. पुन्हा टेबलाखाली.

भावंडांमुळे मुलांची समज वाढते म्हणतात. १९९४ मध्ये पेर्नर, रफमन आणि लीकम या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे ओळखण्यात जास्त भावंडांची मुलं त्यात सरस ठरली होती. आमच्याकडे हे संशोधन प्रात्यक्षिकासह उपलब्ध आहे. खजिना शोधायच्या खेळात धाकट्याने ताईला नकाशा काढून दिला. नकाशा बाथरूमपर्यंत जात होता. ताई आत गेल्यावर बाहेरून कडी लागली आणि लिंबूटिंबू महाशय सोफ्याखालचा खरा खजिना, म्हणजे तिचे सगळे स्टिकर, घेऊन पसार झाले. चुकीची समजूत दुसऱ्याच्या मनात घालावी कशी, ही पुढची इयत्ता त्याने घरीच पास केली.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणणं सौम्य होईल. केस ओढणं, कट्टी, 'तू माझा भाऊच नाहीस', सगळं झालं. दोघं दोन कोपऱ्यांत फुगून बसली. मी न्यायनिवाड्याचं भाषण मनात जुळवत सोफ्यावर बसलो. बरेच दिवसांनी तो रिकामा मिळाला होता.

तेवढ्यात मला जेम्स सली आठवले. या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या दोन बहिणींची हकिकत लिहून ठेवली आहे. त्यातली एक दुसरीला म्हणाली, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू. विगोत्स्कींनी त्यावर म्हटलंय, की एरवी बहीण म्हणून कसं वागायचं याचा विचारही मुलं करत नाहीत, खेळात मात्र ते नियम कसोशीने पाळतात. वाचलं तेव्हा मला ही गंमत वाटली होती.

कोपऱ्यातून थोरलीचा आवाज आला. "ए, आपण भाऊ-बहीण होतो हां."

"हो," दुसरा कोपरा म्हणाला. "आणि मी लहान होतो."

"आणि मी तुला स्टिकर देत होते."

"मीच देत होतो," धाकटा म्हणाला, आणि खिशातून सगळे स्टिकर काढून त्याने मोजायला सुरुवात केली. एक तिला, एक स्वतःला. खरे भाऊ-बहीण असताना हे कधी घडल्याचं मी पाहिलेलं नाही. न राहवून मी विचारलं, "आणि आई-बाबा?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं, माझ्याखालच्या सोफ्याकडे पाहिलं. "ते ऑफिसला गेले होते हां."

रविवार होता. तरी मी चपला घातल्या.