मूळ कारागीर अज्ञात

आज एका प्रदर्शनातून परत आलो आहे आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लांबले तर समजून घ्यावे.

प्रदर्शन एका समकालीन कलावंताचे होते. त्याने दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिवणवर्गांच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पत्र्याच्या पाट्या गोळा करून, त्यांना जाड काळ्या चौकटी बसवून भिंतीवर टांगल्या होत्या. प्रत्येक पाटीशेजारच्या चिठ्ठीवर त्या कलावंताचे नाव होते, एक भारदस्त शीर्षक होते आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘मूळ कारागीर अज्ञात’. माहिती सांगणारा तरुण मनापासून समजावत होता की दुकानावर होती तोवर ती नुसती पाटी होती. कलावंताने तिला तिच्या उपयोगातून मोकळे केले आणि ती कलाकृती झाली. आजूबाजूचे लोक माना डोलावत होते. आधी मीही डोलावली, आणि त्याची मला आता लाज वाटते, कारण माझे वडील जन्मभर पाट्या रंगवत होते.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सुट्टीत रंगाचे डबे सांभाळायला त्यांच्याबरोबर जात असे. एकदा एका शिंप्याच्या दुकानाची पाटी होती. दोरीला खडू लावून त्यांनी पत्र्यावर दोन रेघा उमटवल्या, मनगटाखाली काठी धरली आणि दुपारपर्यंत सगळी अक्षरे पुरी केली. मालक बाहेर आला, खूश झाला आणि पैसे आणायला आत वळला. तेवढ्यात वडील रस्ता ओलांडून पलीकडे गेले, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले, परत आले आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मधला ‘ल’ पुसून टाकला. मालक ओरडलाच. वाचणाऱ्याला काय फरक पडणार आहे, असे तो विचारत होता, आणि खरोखरच कुणालाही काही फरक पडणार नव्हता. तो एक ‘ल’ नव्याने काढण्यात त्यांची संध्याकाळ गेली आणि त्या वेळेचा एक पैसाही त्यांना जादा मिळाला नाही. घरी येताना मी विचारले की कुणालाच दिसत नव्हते, तर पुसले कशाला. “मला दिसलं ना,” एवढेच ते म्हणाले.

कला कशाला म्हणावे याबद्दलची माझी समजूत इतक्या वर्षांत त्या तीन शब्दांपलीकडे फारशी गेलेली नाही. काम भागलेले असते, गिऱ्हाईक समाधानी असते, पैसे हातात पडणार असतात, आणि तरीही करणाऱ्याच्या डोळ्याला काहीतरी खुपते व तो मागे फिरतो. त्या मागे फिरण्यात मला कला दिसते. मग ती वस्तू दालनात टांगलेली असो की दुकानाच्या दारावर.

यावर सुशिक्षित मित्र मला अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचे उदाहरण देतात, म्हणून तेही बोलून टाकू. 1964 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका दालनात भांडी घासण्याच्या साबणी घासण्यांची खोकी रचून ठेवली. खरी खोकी पुठ्ठ्याची होती आणि वॉरहॉलची प्लायवूडची, पण बघणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटावीत. आर्थर डँटो या तत्त्वज्ञाने ती पाहिली आणि त्याच वर्षी लिहिले की दुकानातले खोके आणि दालनातले खोके यांतला फरक डोळ्यांना दिसणारा नसतो, त्यामागे कलेचा इतिहास आणि एक सिद्धान्त उभा असावा लागतो. युक्तिवाद हुशारीचा आहे, यात शंका नाही. मात्र या गोष्टीत एक माणूस बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. ते खोके मुळात जेम्स हार्वी नावाच्या माणसाने योजले होते. त्यावरची ती लाल-निळी लाट आणि ती ठसठशीत अक्षरे त्याची होती. हा हार्वी स्वतः अमूर्त शैलीत चित्रे काढणारा चित्रकार होता आणि पोटासाठी वेष्टनांची रेखाटने करत असे. म्हणजे एका चित्रकाराने काढलेले खोके कला नव्हते, आणि दुसऱ्याने त्याची हुबेहूब नक्कल केल्यावर ते कला झाले. मला हे विनोदी वाटते. माझ्या मित्रांना गंभीर वाटते.

दुसरी गोष्ट न्यायालयातली आहे, आणि तिच्यामुळे माझी पंचाईत होते. शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशीचे ‘बर्ड इन स्पेस’ (अवकाशातला पक्षी) हे कांस्यशिल्प 1926 साली अमेरिकेत पोहोचले. कलाकृतीवर जकात लागत नसे, पण अधिकाऱ्यांना त्या निमुळत्या, चकचकीत आकारात पक्षी काही दिसेना, म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयातले साहित्य यांच्या गटात टाकून 40 टक्के जकात लावली. खटला झाला आणि 1928 मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. शिल्प कशासारखे तरी दिसलेच पाहिजे हा आग्रह न्यायालयाने सोडून दिला, याचा कुणालाही आनंद व्हावा, तसा मलाही होतो. पण त्याच निकालात त्या वस्तूला काही व्यावहारिक उपयोग नाही, ही गोष्टही तिच्या बाजूने मोजली गेली. साक्षीच्या वेळी प्रश्न निघाला की एखाद्या कारागिराने असाच धातूचा तुकडा घासून-पुसून चमकवला असता तर? तेव्हा साक्षीला आलेल्या एका शिल्पकाराने सांगितले की कारागीर त्याला चकाकी देईल, पण त्याची कल्पना त्याला सुचणार नाही.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. शिंप्याच्या पाटीवरचा तो ‘ल’ मग कुणाला सुचला होता? त्याची डावी गाठ उजव्या गाठीपेक्षा किंचित मोठी हवी, तरच लांबून दोन्ही सारख्या वाटतात, हे वडिलांना कुठल्या विद्यालयाने शिकवले नव्हते. रस्त्यापलीकडे उभे राहून ते नेमकी कल्पनाच करत होते. त्यांच्या हाताला रंग लागलेला होता आणि पाटीचा लोकांना उपयोग होता, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

बरे, आता रागाच्या भरात खोटे लिहायला नको. वडिलांच्या सगळ्या पाट्या अशा नव्हत्या. ‘भाड्याने देणे आहे’, ‘येथे थुंकू नये’ असल्या पाट्या ते गाणे गुणगुणत अर्ध्या तासात उरकत आणि पुन्हा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्या कलाकृती होत्या असे मी म्हणणार नाही, आणि मी म्हटले असते तर तेच हसले असते. ‘कला’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या कामासाठी कधी वापरल्याचे मला आठवत नाही. ते ‘काम’ म्हणत. चांगले झाले तर ‘काम बसलं’ म्हणत आणि मग त्या दिवशी जरा जास्त बोलत. शेवटच्या वर्षांत छापील फलक आले, हाताचे काम सुटले, तरी रस्त्याने चालताना ते वरच्या अक्षरांकडे बघत चालत आणि मध्येच थांबून, ‘हा बघ, याने जोडाक्षर कसं सोडवलंय’, असे म्हणत. पाटी रंगवणारा कोण, हे त्यांना ठाऊक नसे. कौतुक मात्र ते अगदी ओळखीच्या माणसाचे करावे तसे करत.

आणि हेही मान्य करतो की उचलून समोर ठेवणे हीसुद्धा एक कृती आहे. मार्सेल दुशाँ या फ्रेंच कलावंताने 1917 साली कारखान्यातले मुतारीचे भांडे प्रदर्शनासाठी पाठवले तेव्हा त्याने लोकांना एका वस्तूकडे बघायला भाग पाडले, निदान तिच्यावरून भांडायला तरी. आजच्या त्या दालनात पाट्या टांगल्या नसत्या तर मीसुद्धा इतका वेळ त्यांच्यासमोर उभा राहिलो नसतो. एवढे श्रेय त्या कलावंताला देतो, याहून जास्त मात्र देणार नाही. दुशाँने त्या भांड्यावर निदान ‘आर. मट’ अशी सही तरी केली होती. नाव खोटे असले तरी ते दिसेल असे लिहिले होते.

कारण राग ज्या गोष्टीचा आहे ती अजून सांगितलीच नाही. पाट्या रंगवणारे लोक काम पुरे झाले की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव घालतात. वडीलही घालत, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक ब्रशने घालत. आज तिसऱ्या पाटीपाशी मी सवयीने उजव्या कोपऱ्याकडे वाकलो. काळ्या चौकटीच्या कडेवर एक वेलांटी आणि शिरोरेषेचा तुकडा डोकावत होता. नाव तिथेच होते. चौकट त्याच्यावर बसवली होती. ती पाटी माझ्या वडिलांची नव्हती, त्यांची वेलांटी मी अंधारातही ओळखेन, पण कुणाच्या तरी वडिलांची असणारच. मी त्या तरुणाला बोलावून कोपरा दाखवला. तो खाली वाकला, त्याने पाहिले, आणि थोडा ओशाळून, अगदी सभ्यपणे म्हणाला, “इतक्या जवळून कुणी बघत नाही हो.”