बाल्कनीतल्या जाळीतून पाणी येत नाही

"मुंबईची हवा दमट आहे. ग्रिलला शेडनेट बांधा, खाली पन्हळ लावा, रोज 10 लिटर शुद्ध पाणी मिळवा. चिलीत असंच करतात." हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या, धुकं पकडणाऱ्या जाळ्या खऱ्या आहेत. बाकीचं चुकीचं आहे.

"दमट हवेतून पाणी मिळतं." दमटपणा म्हणजे बाष्प, आणि जाळी बाष्प पकडत नाही. ती धुक्यात आधीच तयार असलेले थेंब पकडते. चिलीत समुद्रावरचे ढग वाऱ्याबरोबर किनाऱ्याजवळच्या डोंगरांना येऊन भिडतात, म्हणून तिथे जाळी चालते. मुंबईत 30 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असताना घनमीटरभर हवेत सुमारे 23 ग्रॅम बाष्प असतं. त्याचं पाणी व्हायला जाळीचा दोरा 25 अंशांपेक्षा थंड असावा लागतो. बाल्कनीतला दोरा हवेइतकाच गरम असतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे ओले राहतात, ते त्यांतलं पाणी उडत नाही म्हणून.

"थेंब आपोआप खाली येतात." दाट धुक्यातसुद्धा हे इतकं सोपं नाही. पृष्ठताण थेंबाला दोऱ्याला धरून ठेवतो. 0.2 मिलिमीटर जाडीच्या आडव्या दोऱ्यावर साधारण 9 मिलिग्रॅमपर्यंतचा थेंब लटकून राहू शकतो. धुक्यातला थेंब जेमतेम 20 मायक्रॉनचा, म्हणजे 0.02 मिलिमीटरचा. असे 20 लाखांहून अधिक थेंब एकत्र आले की तेवढा एक भरतो. तोवर वारा त्याला उडवतो किंवा ऊन वाळवतं. उभ्या दोऱ्यावर मात्र थेंब लवकर घसरतो, वाटेतले लहान थेंब गिळत जड होतो आणि मागचा दोरा मोकळा करतो. म्हणूनच आडवे दोरे काढून फक्त उभ्या तारांच्या, वीणेसारख्या जाळ्या बनवल्या गेल्या.

"जाळी जितकी दाट, तितकं पाणी जास्त." उलट होतं. शेजारचे दोरे फार जवळ असले की त्यांच्यामध्ये पाण्याचा पडदा धरतो, भोकं बुजतात, आणि वारा थेंबांसकट जाळीला वळसा घालून जातो. जाड दोऱ्याचंही तेच: बारीक थेंब हवेबरोबर बाजूने निसटतात. पातळ दोऱ्याजवळ त्यांना तितकं वळता येत नाही, ते आदळतात.

"शुद्ध पाणी." रस्त्याकडेच्या जाळीवर आधी धूळ आणि काजळी बसते. पहिलं पाणी तीच धुऊन आणणार.

दमट हवेतलं पाणी हवंच असेल, तर एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. त्याची कॉइल दवबिंदूपेक्षा, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, थंड असते, म्हणून तिथे बाष्पाचं खरोखर पाणी होतं. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर सहज देतो. ते लादी पुसायला, कुंड्यांना वापरा, पिऊ नका.