‘साधं काम, पण गाडी अडकवून ठेवली’ या अभिप्रायाला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे आणि चार तक्रारी: काम फार लांबलं आणि बिल वाढत गेलं, मोठं इंजिन आणि रुंद चाकं बसवायला आम्ही नकार दिला, पॉवर स्टिअरिंगचा विषय काढून तुमचं वय काढलं, आणि शेवटी गाडीबरोबर ‘भंगाराची खोकी’ गळ्यात मारली. हे सगळं इतरही वाचतात आणि त्यातले बरेचजण तुमच्यासारखेच, निवृत्तीनंतर हौसेने जुनी गाडी उभी करायला निघालेले असतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी वेळेचं. गाडी आली तेव्हा रंग चकचकीत होता. सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पत्र्याच्या पेटीवर, चुंबक तुम्हीच फिरवून पाहिला होता आणि तो चिकटला नाही. खाली पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी. पुट्टी असते दोन-तीन मिलिमीटरचा खळगा सारखा करायला. गंजलेल्या भोकात ती कोंबली की ओल धरते आणि वरचा रंग कितीही भारी असला तरी त्याला फोड येतात. त्यात १९६३ च्या तुमच्या या मॉडेलला वेगळी चॅसी नाही. सगळा भार बॉडीच पेलते आणि त्यातला मोठा वाटा या दोन सिलचा. त्या कापायच्या आधी दारांच्या चौकटीत पाइप वेल्ड करून बॉडी जखडावी लागते. तसं केलं नाही तर ती मध्ये बाकते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. ‘गाडी आठवडेच्या आठवडे नुसती पाइप लावून उभी होती’ असं तुम्ही लिहिलंय, ते हेच पाइप. तयार सिल मिळत नव्हत्या, पत्रा वाकवून घडवाव्या लागल्या. शिवाय एक बाजू पुरी बसून दाराच्या फटी मोजून होईपर्यंत दुसरी कापायची नसते. हेच काम घाईत उरकता येतं. तुमच्या आधीच्या मालकाला कुणीतरी तसं उरकून दिलं होतं.

बिलाबद्दल एवढंच, की ‘रंग उतरवल्यावर पत्र्याचं काम कळेल’ ही ओळ पहिल्याच अंदाजपत्रकात होती आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला फोटो पाठवून तुमचा होकार घेतला होता.

आता इंजिन. चढावर गाडी दमते, मागच्या गाड्या हॉर्न मारतात, याचा वैताग आम्हाला समजतो. पण ताशी ६० वरून ९० वर गेलात की वेग दीडपट होतो आणि थांबताना ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम. ड्रम तापला की फुगतो, आतून त्याला दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची पकडही ढिली पडते, आणि लांबलचक उतारावर पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्कचं तसं नाही, ती उघड्यावर असते, लवकर थंड होते. १९५३ ची ल मांची २४ तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून जिंकली, त्यामागे हेच मोठं कारण होतं. आम्ही तुम्हाला म्हटलं, पुढे डिस्क बसवू, मग मोठ्या इंजिनाचं बोलू. तुम्हाला ड्रम मूळचेच हवे होते. हरकत नाही, तो आग्रह आम्हाला आवडतो. पण मूळचे ड्रम आणि जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन ही जोडी आमच्या दारातून रस्त्यावर जाणार नाही, गाडी कुणाचीही असो. त्या इंजिनासाठी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्राही कापावा लागला असता. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल ढकलणारा पंप, मात्र आम्ही दुहेरी सर्किटचा बसवला. जुन्या एकेरी सर्किटमध्ये तेलाची एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत दुहेरी सर्किट १९६८ पासून सक्तीचं झालं ते उगाच नाही. अभिप्रायात तुम्ही याला ‘न मागितलेला खर्च’ म्हटलंय. त्या कागदावरही सही तुमचीच आहे.

रुंद चाकांचं थोडक्यात: रिम बाहेर आली की व्हील बेअरिंग आणि किंग पिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) जास्त ताण येतो, टायर मडगार्डला घासतो आणि मग कुणीतरी मडगार्डची कड कापायला सुचवतो. आम्ही कापत नाही.

वयाचा मुद्दा तुम्हाला सर्वात जास्त लागला, असं दिसतं. ट्रायलच्या वेळी आमच्या फोरमनने विचारलं, ‘काका, खांदा दुखतो का?’ हा प्रश्न तो तिशीतल्या गिऱ्हाइकालाही विचारतो. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग बनलं जुन्या पद्धतीच्या अरुंद क्रॉसप्लाय टायरसाठी. तुम्हाला हवे होते रेडियल, आणि ते योग्यच होते, रस्ता चांगला धरतात. पण उभी गाडी वळवताना ते जड जातात. पार्किंग करताना तुम्ही दोन्ही हातांनी लोंबकळून चाक फिरवत होतात आणि कमरेतून वाकडे होत होतात. ते आम्ही पाहिलं नसतं तर गाडी सुंदर झाली असती आणि घरीच उभी राहिली असती. अशा गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्यात. हौस संपलेली नसते, खांदा संपलेला असतो. सीट रेल पुढे-मागे करणं, क्लचच्या पेडलचा जोर तपासणं, उतरताना धरायला हँडल देणं, हेही आम्ही त्याच कारणासाठी सुचवलं. त्यातलं हँडल तुम्ही नाकारलंत, तो तुमचा निर्णय.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर डॅशबोर्डच्या आत, कॉलमवर बसते. बाहेरून काही दिसत नाही, मूळचं चाक तसंच राहतं. पण जोर लावताना ती ३० अँपिअरच्याही वर करंट ओढते. गाडीत वीज बनवणारा तुमचा डायनॅमो रस्त्यावर धावताना फार तर २०-२५ अँपिअर देणारा, आणि आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवलं असताना, जवळपास काहीच नाही. पार्किंग तर आयडललाच करायचं असतं! म्हणून डायनॅमोच्या जागी आयडललाही वीज देणारा अल्टरनेटर आला. गाडी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं; अल्टरनेटर निगेटिव्हचा, म्हणून पोलॅरिटी बदलली. आणि वायरींवरचं रबर हातात तुकडे होऊन येत होतं, म्हणून हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवा. ‘एका स्टिअरिंगसाठी अख्खी वायरिंग बदलली’ या तुमच्या वाक्याचा हिशोब असा आहे. त्याच अभिप्रायात गाडी आता ‘एका हाताने वळते’ असंही तुम्ही लिहिलंय, ते वाचून फोरमन खूश आहे.

रेडिओ वाजत नाही, हे खरं. तो पॉझिटिव्ह अर्थचा ट्रान्झिस्टर रेडिओ आहे, आता तसाच जोडला तर जळेल. वायरीला टेप आणि लेबल लावून ठेवलंय. तो निगेटिव्ह अर्थसाठी आतून बदलून घेता येतो, पण ते काम रेडिओच्या कारागिराचं.

आणि ती खोकी. त्यात तुमचा डायनॅमो, रेग्युलेटर, जुना मास्टर सिलिंडर आणि मूळचा स्टिअरिंग कॉलम आहे, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ हिच्या ट्युरिन सनदेतही हीच शिफारस आहे: बदल करावेच लागले तर ते उलटवता येतील असे करा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसाठी जपून ठेवा. उद्या तुमच्या नातीला ही गाडी जशीच्या तशी मूळ रूपात हवी झाली, तर एकही भोक न बुजवता ती तशी करता येईल. कृपा करून ती खोकी भंगारवाल्याला देऊ नका.

तारे तुम्हाला वाटतील तितके ठेवा, त्यासाठी हे लिहिलेलं नाही. चढावरच्या दमण्यावर मात्र एक उपाय अजून बाकी आहे. कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा दोन सिलिंडर कमी दाखवत होते. इंजिनाचं हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, कडक धातूच्या बसवून घेऊ. पेट्रोलमधलं शिसं त्या सीटचं रक्षण करायचं, पण आता रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तसं पेट्रोल जगात कुठेच विकलं जात नाही, शेवटचा देश २०२१ मध्ये थांबला. मूळचंच इंजिन नीट श्वास घ्यायला लागलं तर चढावर फरक पडेल. सीट मशीनवर कापून झाल्या की व्हॉल्व्ह लॅप करण्याचं, म्हणजे सीटवर घासून नीट बसवण्याचं काम तुमच्यासाठी राखून ठेवतो. ते टेबलावर खुर्ची घेऊन होतं, गाडीखाली शिरावं लागत नाही, आणि ‘मला हातच लावू दिला नाही’ ही तोंडी केलेली पाचवी तक्रारही त्यात मिटेल. हेड कधी उघडायचं ते कळवा, गॅस्केट आधी मागवावी लागेल.